सांध्याची तार आणि तिची पारख

मागील वर्षीं पालकसभा आटोपल्यावर सिंदी मेघे येथील एक पालक शाळेच्या दारांत आम्हांस थांबवून म्हणाले, “सर, पोराले वेल्डिंगची तार घेऊन द्याची हाये. कोनती घेऊ, तेवढं सांगा.” मुलगा आमचाच जुना विद्यार्थी. दहावीनंतर त्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वेल्डिंगचा अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि आतां घरालगत टिनाची शेड उभारून मोटारींच्या पत्र्याचें व शेतकऱ्यांच्या अवजारांचें असें दोन्ही प्रकारचें काम एकाच दुकानांत करावें, असा त्याचा मानस होता. वडिलांनीं जमविलेली पुंजी जुनें मिग यंत्र घेण्यांत खर्च झाली होती. उरलेल्या पैशांत तारेचें एकच रीळ येणार होतें. दुकानदारानें चार रिळें पुढें ठेवून “कोणतेंहि घ्या, सारखींच आहेत,” असें सांगितल्यामुळें ते गृहस्थ अधिकच गोंधळले होते.

त्या चार रिळांत सारखेपणा एवढाच, कीं चारहि गोल होतीं. चुकीची तार घेतली तर पैसा जातो, हें उघड आहे. परंतु गाडीच्या तळाचा किंवा ट्रॉलीच्या हुकाचा सांधा कच्चा राहिला तर त्या गाडींत बसणाऱ्यांचा जीव धोक्यांत येतो, हें कोणाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. आम्ही विज्ञानाचे शिक्षक. वेल्डिंगच्या कामावर पोट भरणारे कारागीर नव्हे. म्हणून जाणत्या कारागिरांकडे जाऊन आम्हीं विचारपूस केली, त्या विषयावरील पुस्तकें पाहिलीं, आणि त्या पालकांस जें सांगितलें तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडीत आहों.

शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें कोणास वाटेल. निदान वर्ध्याच्या परिसरांत तरी ही शंका येऊं नये. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्ध्यासच शिक्षणपरिषद भरली, आणि हातांच्या उद्योगांतून मुलांस शिक्षण द्यावें हा विचार तेथून देशभर गेला. पुढच्याच वर्षीं, १९३८ सालीं, ग्रामोद्योगांसाठीं येथें मगन संग्रहालय उघडलें. त्या काळीं चरखा व माग हे उद्योग डोळ्यांपुढें होते. आज आमच्या रस्त्यांवर मोटारी, ऑटोरिक्षा व ट्रॅक्टर धांवतात, आणि जवळच भूगांव येथें पोलादाचा मोठा कारखाना आहे. उद्योग बदलला, परंतु हातानें करावयाचें काम बुद्धीनें समजून करावें, हें तत्त्व बदललेलें नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. सोनार दागिना झाळतांना सांध्यावर टांकणखार टाकतो, तें कशासाठीं? धातु तापली कीं हवेंतील प्राणवायु तिच्याशीं ताबडतोब संयोग पावतो व तिच्यावर एक पापुद्रा धरतो. तो पापुद्रा दोन कडांच्या मध्यें राहिला तर सांधा दिसण्यांत जुळलेला, पण आंतून सुटा राहतो. टांकणखार वितळून त्या पापुद्र्यास आपल्यांत सामावून घेतो, म्हणून धातूची धातूशीं खरी भेट होते. लोहार भट्टींत दोन लोखंडें पांढरीं होईपर्यंत तापवितो, त्यांवर बारीक रेती टाकतो आणि मग ऐरणीवर घणाचे घाव घालतो, त्यांतहि हेंच रहस्य आहे. सांध्याचा पहिला शत्रु हवा. वेल्डिंगची प्रत्येक तार म्हणजे या शत्रूला दूर ठेवण्याची एकेक युक्ति होय. एवढी गोष्ट मनांत ठसली म्हणजे पुढचें सारें सोपें जातें.

विजेच्या ज्योतीनें धातु वितळवून जोडण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं रशियांत उदयास आली. बेनार्दोस यांनीं कोळशाच्या कांडीनें, आणि स्लाव्यानोव यांनीं धातूच्याच कांडीनें ज्योत पाडली. परंतु ती कांडी उघडी असल्यामुळें वितळलेल्या धातूंत हवा शिरे व सांधा ठिसूळ होई. स्वीडनमधील ऑस्कर केलबर्ग यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं कांडीवर द्रव्यांचा लेप चढविला. तो लेप जळून वायूचें आवरण करतो आणि वितळून सांध्यावर मळीचें कवच धरतो. त्यांनीं १९०४ सालीं स्थापिलेल्या ईसाब कंपनीचा एक कारखाना आज आपल्या नागपूर जिल्ह्यांत कळमेश्वर येथें आहे. फाटकें व खिडक्या करणाऱ्या प्रत्येक दुकानांत दिसणारी ६०१३ क्रमांकाची कांडी याच लेपाच्या कांडीचा वंश चालवीत आहे. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंतील बॅटेल संस्थेंत रिळावरून अखंड येणारी तार व तिच्याभोंवतीं वायूचा झोत, अशी पद्धति सिद्ध झाली. १९५० नंतर त्या कामीं स्वस्त असा कर्बद्विप्राणिद वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वापरतां येऊं लागला. म्हणूनच आमचे कारागीर या कामास “सीओटू वेल्डिंग” म्हणतात. त्याच दशकाच्या अखेरीस तारेच्या पोटांतच चूर्ण भरून वायूच्या टाकीची गरज नाहींशी करण्यांत आली.

याप्रमाणें मिग यंत्रावर चालणाऱ्या तारेच्या मुख्य जाती दोन : एक भरीव, जिला बाहेरून वायूचें आवरण लागतें, दुसरी चूर्णगर्भ, जी नळीसारखी पोकळ असून आपलें आवरण आपणच निर्माण करते. चूर्णगर्भ तारेंतहि बाहेरून वायु मागणारा एक पोटभेद आहे. तेव्हां रीळ घेतांना तें विचारून घ्यावें.

रिळावरील अक्षरें पाहून पुष्कळ लोक बिचकतात. वस्तुतः तींत सारी कुंडली लिहिलेली असते. “ईआर ७० एस-६” हें नांव घ्या. “ई” म्हणजे ही तार विजेची ज्योत धरते; “आर” म्हणजे नुसती भरणीची सळई म्हणूनहि चालते. “७०” म्हणजे सांध्याच्या धातूची ताणशक्ति दर चौरस इंचास निदान ७०,००० पौंड, अर्थात् दर चौरस मिलिमीटरास सुमारें ४९ किलोग्रॅम. “एस” म्हणजे भरीव. शेवटचा “६” हा अंक तारेच्या घटकांचा निदर्शक आहे. या तारेंत शेंकडा १.४० ते १.८५ मँगॅनीज व ०.८० ते १.१५ सिलिकॉन असतें. हीं दोन द्रव्यें प्राणवायूस लोखंडाआधीं पकडतात आणि त्याची मळी करून वर आणतात. सोनाराच्या टांकणखाराचें काम येथें तीं तारेच्या आंत राहून करतात. “३” अंकाच्या तारेंत हीं द्रव्यें कमी असतात. म्हणून ती स्वच्छ पत्र्यावर उत्तम चालते, परंतु थोडा गंज राहिला असल्यास “६” ची तार अधिक क्षमाशील ठरते. तारेवरील तांबूस झळाळी ही तांब्याच्या पातळ मुलाम्याची असून ती तारेस गंजापासून जपते व वीज सुलभतेनें वाहूं देते.

आतां निवड करतांना स्वतःस चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : समोरची धातु कोणती? रंग खरवडून चुंबक लावून पाहावा. साधें पोलाद चुंबकास धरतें. ॲल्युमिनियम धरीत नाहीं, व स्टेनलेस पोलादाच्या पुष्कळ जातीहि धरीत नाहींत. साध्या पोलादास “ईआर ७० एस-६” योग्य. स्टेनलेसला त्याच्या जातीची तार लागते, जशी ३०८ एल. आणि स्टेनलेस व साधें पोलाद एकत्र जोडावयाचें झाल्यास ३०९ एल. ॲल्युमिनियमला ४०४३ किंवा ५३५६ क्रमांकाची तार व शुद्ध आर्गॉन वायु हवा. ओतीव लोखंडाचा पंप फुटला तर ही नेहमींची तार त्यास लावूं नये. सांध्याशेजारीं नवा तडा जातो. तेथें निकेलची कांडी व सावकाश थंड करण्याची सबूरी लागते. वखराची पास किंवा रोटाव्हेटरचें पातें हें कठीण पोलाद होय. आधीं तापविल्यावांचून त्यावर सांधा धरला तर तो लवकर तडकतो. नव्या मोटारींचे दारालगतचे खांब अत्यंत बळकट पोलादाचे असतात, आणि अति उष्णतेनें त्यांचें बळच नाहींसें होतें. गाडी बनविणाऱ्या कंपनीची सूचनापुस्तिका सांगेल तेंच तेथें करावें, आणि ती जवळ नसेल तर तें काम स्वीकारूं नये.

जस्त चढविलेल्या पत्र्याविषयीं एक इशारा. जस्त ९०७ अंश उष्णतेस उकळतें आणि लोखंड वितळावयास सुमारें १५३८ अंश लागतात. म्हणजे लोखंड वितळण्यापूर्वींच जस्ताची वाफ होऊन ती सांध्यांत बुडबुडे व छिद्रें पाडते. तिचा पांढरा धूर छातींत गेला तर रात्रीं हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंचें जस्त आधीं घासून काढावें, आणि तोंडावर योग्य मुखपट्टी बांधून मोकळ्या हवेंत काम करावें.

दुसरा प्रश्न : जाडी किती? मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारणतः पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. ट्रॉलीच्या चौकटीचें लोखंड पांच-सहा मिलिमीटर किंवा त्याहूनहि जाड. कारागिरांचा एक ढोबळ नियम असा कीं, जाडीच्या दर मिलिमीटरास सुमारें ४० अँपियर वीज लागते. म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या पत्र्यास अवघे ३० अँपियर पुरतात. इतक्या मंद विजेवर जाड तार नीट वितळत नाहीं. ती वितळावी म्हणून वीज वाढवावी, तर पत्र्यास भोंक पडतें. येथें शाळेंतील गणित कामास येतें. तारेचा छेद तिच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, म्हणून १.२ मिलिमीटरची तार ०.६ मिलिमीटरच्या तारेहून दुप्पट नव्हे, चौपट धातु पत्र्यावर ओतते. यास्तव मोटारीच्या पत्र्यास ०.६ मिलिमीटरची तार सर्वांत सोयीची, ०.८ ची तार हात बसलेल्यास त्या पत्र्यावरहि चालते, आणि चार मिलिमीटरपर्यंतच्या सामान्य कामांस ती पुरी पडते. त्यापुढील जाड कामांस १.२ ची तार व तिला पुरेल असें मोठें यंत्र पाहिजे, किंवा सरळ लेपाची कांडी.

पत्र्याच्या कामांत तारेइतकेंच महत्त्व हाताच्या पद्धतीस आहे. वितळलेली धातु थंड होतांना आंकुंचन पावते व शेजारच्या पत्र्यास आपल्याकडे ओढते. एकच लांब रेघ मारली तर पत्रा पापडासारखा वांकडा होतो. म्हणून दूरदूर एकेक टांका द्यावा, तो निवूं द्यावा, मग मधल्या जागा भराव्या. प्रभूनें जुन्या वस्त्रास लावलेल्या कोऱ्या ठिगळाचा जो दृष्टांत सांगितला, तो आम्हांस येथें नेहमीं आठवतो. ठिगळ आंकसतें आणि जुनें वस्त्र अधिकच फाटतें.

हा दृष्टांत आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गाडी मुलांस शाळेंत ने-आण करी. तिच्या तळास गंज लागला म्हणून कोणा कारागिरानें गंजावरच नवा जाड पत्रा ठेवून जाड तारेनें तो भरभर जोडला. जीं भोंकें पडलीं तीं पुट्टीनें बुजविलीं आणि वरून सुंदर काळा रंग दिला. दोन पावसाळे गेले. एके सकाळीं एक लहान मुलगी आंत चढली, आणि ठिगळाच्या कडेनें तळ फाटून तिचा पाय गुडघ्यापर्यंत खालीं गेला. गाडी उभी होती, म्हणून खरचटण्यावर निभावलें. चालत्या गाडींत काय झालें असतें, याचा विचार करवत नाहीं. गंज कापून निरोगी पत्र्यापर्यंत मागें जावें, ठिगळ त्याच जाडीचें घ्यावें, आणि मागील बाजूसहि गंजरोधक रंग द्यावा, एवढें केलें असतें तर ही पाळी आली नसती.

तिसरा प्रश्न : काम कोठें करावयाचें? भरीव तारेभोंवतींचें वायूचें आवरण फार नाजूक असतें. ताशीं आठ किलोमीटरचा वाराहि तें उडवून लावूं शकतो. मग सांध्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं छिद्रें दिसतात. आमच्याकडील वैशाखांतला वारा ज्यास ठाऊक आहे, त्यास शेताच्या बांधावर भरीव तार कां चालत नाहीं हें सांगावयास नको. तेथें चूर्णगर्भ तार किंवा लेपाची कांडी उपयोगीं पडते. उलटपक्षीं शेडींत, आडोशाला, पातळ पत्र्यावर भरीव तारच श्रेष्ठ. कारण चूर्णगर्भ तार अधिक उष्णता मागते, शिंतोडे उडविते, व तिची मळी ठोकून काढावी लागते. वायूविषयीं सांगावयाचें तर शुद्ध कर्बद्विप्राणिद स्वस्त असून जाड लोखंडांत खोल शिरतो. आर्गॉनमध्यें वीस ते पंचवीस टक्के कर्बद्विप्राणिद मिसळलेला वायु महाग, पण त्याची ज्योत शांत व पत्र्यास मानवणारी असते.

चौथा प्रश्न : सांध्यावर भार कोणाचा? हा प्रश्न सर्वांत शेवटीं, पण सर्वांत मोठा. मडगार्डचा सांधा सुटला तर खडखडाट होईल. ट्रॉलीचा हूक सुटला तर कापूस वेचून परतणाऱ्या बायका रस्त्यावर पडतील. बाजारांत “ई ७१ टी-जीएस” नांवाची चूर्णगर्भ तार स्वस्त मिळते. ती एकाच थराच्या कामासाठीं बनविलेली आहे. थरावर थर चढविला तर सांधा ठिसूळ होतो. पातळ नळीच्या खुर्चीस ती चालेल, परंतु हुकासारख्या जाड कामास तिचा स्पर्शहि होऊं नये. तेथें कडा घासून उतरत्या कराव्या, म्हणजे धातु तळापर्यंत पोंचते, आणि ७०१८ सारखी बळकट कांडी कोरडी ठेवून वापरावी. पावसाळ्यांत ओल धरलेल्या कांडींतून हायड्रोजन सांध्यांत शिरतो आणि कित्येक तासांनीं, कोणी पाहत नसतां, आंतून तडा जातो.

तार योग्य निवडली तरी यंत्र तिला अनुरूप लावावें लागतें. भरीव तारेस बंदूक धन टोंकास जोडावी. स्वतःचें आवरण करणाऱ्या चूर्णगर्भ तारेस बहुधा ऋण टोंकास. हा फेर विसरल्यामुळेंच अनेकजण चांगल्या तारेस नांवें ठेवतात. भरीव तारेस इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खांचेचें चाक लागतें, मऊ चूर्णगर्भ तारेस दातेरी, आणि ॲल्युमिनियमला यू अक्षराच्या आकाराचें. बंदुकीची टीप तारेच्याच मापाची असावी. काम संपल्यावर रीळ यंत्रांत उघडें न ठेवतां पिशवींत बांधून ठेवावें. गंजलेली तार नळींत अडकते आणि सांध्यांतहि गंज नेते. गाडीवर काम करण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी आणि पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी नेऊं नये. विद्यार्थ्यांनो, रस्त्यानें जातांना त्या निळ्या ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनीं पाहत उभे राहूं नका. तिच्यांतील अदृश्य किरणांनीं रात्रीं डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या वेदना होतात.

आतां त्या पालकांस आम्हीं काय सांगितलें? एकच रीळ घ्यावयाचें तर “ईआर ७० एस-६” ची ०.८ मिलिमीटरची भरीव तार घ्यावी, आणि ती पांच किलोग्रॅमच्या लहान रिळाची असावी. मोठें रीळ स्वस्त पडतें, पण काम थोडें असतां तें गंजून वायां जातें. मोटारींचें काम वाढलें कीं दुसरें रीळ ०.६ चें. वाऱ्यांतल्या कामासाठीं लेपाच्या कांड्या घ्याव्या. मात्र त्यांस वेगळें यंत्र लागतें, आणि मिग यंत्रांतच ती सोय असल्यास तें आधीं पाहून घ्यावें. आणि हूक, धुरा, सुकाणू यांचें काम हात पक्का होईपर्यंत “मला येत नाहीं” असें सांगून परत पाठवावें. हें शेवटचें वाक्य ऐकून ते गृहस्थ क्षणभर गप्प झाले. नव्या दुकानदारानें गिऱ्हाईक परत पाठवावें, हें बापाच्या मनास जड गेलें असेल. पण त्यांनीं मान डोलावली.

यंदा त्या मुलानें आमच्या शाळेच्या बाकांचे सुटलेले पाय जोडून दिले. बाकास हात लावण्यापूर्वीं त्यानें त्याच जाडीच्या दोन भंगार तुकड्यांवर एक सांधा केला, शेगड्यांत आवळला, आणि हातोड्यानें ठोकून मोडला. सांधा उखडला तर तो कच्चा. सांधा टिकून शेजारचें लोखंड फाटलें तरच तो खरा. पहिला तुकडा सांध्यांतच उखडला. त्यानें वीज थोडी वाढविली, पुन्हां जोडला, पुन्हां मोडला. या वेळीं लोखंड फाटलें. मगच तो बाकाकडे वळला. भोंवतीं जमलेल्या मुलांस हें पाहून मोठी मौज वाटली. पालकांसहि आमची विनंति एवढीच, कीं गाडी दुरुस्तीस द्याल तेव्हां रंग चढण्यापूर्वीं एकदां जाऊन सांधा पाहा, आणि असा मोडून पाहिलेला तुकडा दाखवा म्हणून कारागिरास विचारा. चांगला कारागीर या प्रश्नानें रागावत नाहीं.